तीन जोडांची हवालदारीण

हवालदारीणबाईंची तार सकाळी दहालाच रिकामी व्हायची. वडूजच्या उन्हात कपडे वाळायला वेळ लागत नाही हे खरं, पण वाळायला मुळात असायचंच काय? तीन पोरांचे तीन जोड आणि तिचं स्वतःचं एक लुगडं. घड्या घालून ती आत न्यायची आणि मग दिवसभर आमच्या दोघींच्या सामाईक तारेचा तिच्याकडचा अर्धा भाग चिमण्यांना मोकळा. माझ्याकडच्या अर्ध्या भागावर धुणं एकावर एक पडलेलं असायचं. दुसरा पिळा हातात घेऊन मी जागा शोधत उभी राहिले की ती दारातून म्हणायची, "वैनी, माझी अर्धी तार बी घ्या की. रिकामीच हाय." ती मनापासून म्हणायची. माझ्या नाकाला मात्र मिरच्या झोंबायच्या.

खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिचा नवरा फौजेत हवालदार, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात दुसरं माणूस नाही, पदरात तीन पोरं. आमच्या यांची बदली सांगलीहून वडूजच्या कचेरीत झाली आणि आम्ही तिच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मला नवरा घरात, मुलं दोनच, मंगल आणि दिलीप. कुणीही म्हणेल, हेवा तिनं माझा करायचा. पण दुपारी ती उंबऱ्यात पाय पसरून पोरांशी सागरगोटे खेळायची आणि मी आडाजवळच्या दगडावर कपडे आपटत बसायची. मंगल जेवली की पळालीच तिच्याकडे. त्यांचं हसणं मला दगडापर्यंत ऐकू यायचं आणि पोटात दुखायचं. माझी लेक माझ्या डोळ्यांदेखत दुसरीची होत चालली होती.

आता धुणं एवढं का, तर माझ्या वडिलांचं सांगलीत कापडाचं दुकान. तागा संपला की उरलेला तुकडा नातवंडांसाठी बाजूला पडायचा, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी येणाऱ्याच्या हाती गाठोडं पोचायचं. मी शिवायची. मंगलचे फ्रॉकच चौदा होते. एका आठवड्यात तोच फ्रॉक दुसऱ्यांदा अंगावर दिसला तर मला कमीपणा वाटायचा. मुलंही मग काय, हाताला लागेल ते घालायची, तासाभरात मळवायची आणि दुसरं ओढायची.

हवालदारीणबाईंचा हिशेब वेगळा. "एक अंगात, एक तारंवर, एक पेटीत. चौथा जोड म्हंजी घरात चौथं पोर," असं ती म्हणायची. मी एकदा खोचकपणे विचारलं, "आणि पावसाळ्यात हो?" तर म्हणाली, "वैनी, वडूजात ऱ्हाताय का महाबळेश्वरात?" नवऱ्याच्या जुन्या खाकी पॅंटी कापून ती धाकट्या दोघांच्या चड्ड्या करायची. तिघांचे कपडे एका पेटीत, आणि कॉलरच्या आत प्रत्येकाचा रंगीत दोऱ्याचा टाका. थोरल्या शालनचा हिरवा, पोरांचे पिवळा आणि निळा. नवं काही आलं की त्याच दिवशी जुनं एक बाहेर जायचं, आणि कुठलं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पेटी उघडून पोरं गंभीर चेहऱ्यानं बसलेली मी पाहिली आहेत.

हे खूळ डोक्यात कुठून आलं, ते तिनं एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. "सासरी अठरा मान्सांचं धुणं माझ्याकडं. सकाळी नदीला गेले की ऊन कलल्यावर घरी. शालननं पयलं पाऊल टाकलं तवा मी नदीला. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, पोरगी चालली बघ आज. मी म्हणलं, आता फुडल्या पोरांचं तरी मी बघणार. येगळं बिऱ्हाड केलं आन् पयल्या दिवशी पेटी उपसली." एवढं सांगून तिनं सूप पाखडलं. मी घरी आले आणि मंगल पहिल्यांदा कधी चालली ते आठवत बसले. मला आठवेना. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

त्या दिवाळीत मी एक नीचपणा केला. शालनसाठी झालरीचे चार फ्रॉक शिवले. वरून माया, आतून एवढंच की एकदा तरी हिची पेटी भरू दे, हिची तार वाकू दे, मग बघू दुपारचे सागरगोटे. तिनं फ्रॉक डोळ्यांपुढे धरून शिलाई पाहिली, "वैनी, हात लय चांगला हाय तुमचा," म्हणाली, मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन फ्रॉक घडी घालून परत. "रागाला येऊ नगा. शालननं एक निवडला, त्येच्या बदली तिचा जुना काढून ठिवला. ह्ये तुमच्या मंगलला हुतील." मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यात मंगल शेजारी उभी. ती म्हणाली, "आई, माझेपण तीनच ठेव की." मी तिच्यावर खेकसले, "सांगलीच्या आजोबांना काय वाटेल?" का ठेवू, हे मी विचारलं नाही.

पुढे दुष्काळ पडला. आडात कळशी घातली की गाळ यायचा. घरटी दोन हंडे पाणी, त्यात स्वयंपाक, त्यातच अंघोळी. माझ्या घरात मळक्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला आणि वास मारू लागला. दिलीप कळकट फिरायचा. मंगल मात्र रोज स्वच्छ. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली, मळवत नाही.

एके दुपारी मी मीठ मागायला समोर गेले. हवालदारीणबाई पेटी उघडून बसल्या होत्या. पेटीत हिरवा, पिवळा, निळा, आणि शेजारी लाल टाका. तो माझ्या वडिलांच्या दुकानातल्या कापडाचा, मी शिवलेला मंगलचा ठिपक्यांचा फ्रॉक होता. मंगलनं आपले तीन जोड निवडून तिथे नेऊन ठेवले होते. त्या पेटीत माझ्या लेकीला जागा मिळाली होती, रंगसुद्धा मिळाला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"माझी पोर आहे ती," मी म्हणाले. "तुम्हाला तुमची तीन पुरत नाहीत का?"

तिनं पेटी मिटली आणि मला उंबऱ्याशी घेऊन गेली. "हितं बसा जरा. काय दिसतंय?"

आड दिसत होता, आणि माझा धुण्याचा दगड.

"ती हितंच बसती, ह्याच जागंला," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हाई येत, वैनी. आडाला पानी हुतं तवा तुमचं धुणं कवा सरतंय त्ये बघाया यायची. मला म्हणाली, मावशी, माझी कापडं कमी झाली तर आई दुपारची घरात यील न्हवं? लाल दोरा बी तिनंच काढून दिला."

मी तिथेच बसून रडले. रडतानाही मनात हेच की हे मंगलनं हिला सांगितलं, मला नाही.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि आम्ही ट्रंका उपसल्या. मी एक फ्रॉक मागे ओढायची, ती विचारायची, "कवा घातलाता?" मला सांगता यायचं नाही. दोन गाठोडी निघाली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेल्या बायांच्या पोरांना ती स्वतः वाटून आली. उरलेल्या कपड्यांना मंगलनं टाके घातले, दिलीपचे पांढरे. पुढे आडाला पाणी आलं आणि धुणं उरकूनही माझी पहिली मोकळी दुपार उगवली तेव्हा हातांचं काय करावं ते मला कळेना. मंगल सागरगोटे घेऊन समोर बसली. मी पाचही डाव हरले आणि ती मला झेल कसा घ्यायचा ते शिकवत राहिली.

दोन वर्षांनी हवालदार पेन्शनीत आले आणि ती मंडळी गावी निघाली. पाच माणसं आणि एस्टीच्या टपावर एक पेटी, एक वळकटी. मला तेव्हाही हेवा वाटला. लाल दोऱ्याचं उरलेलं रीळ तिनं मंगलच्या हातात दिलं. मला म्हणाली, "वैनी, आता समदी तार तुमची." परत भेट झाली नाही. ती वारल्याचं आम्हाला वर्षभरानं कळलं.

मंगलचं घर आता मलकापुरात आहे. तिची दोन पोरं, प्रत्येकी तीन जोड, कॉलरच्या आत टाके. नातीनं विचारलं, हे कुणी शिकवलं, तर मंगल म्हणते, "वडूजच्या मावशीनं." मी तिच्याकडे गेलेली, तिथेच बसलेली असते. फ्रॉक मी शिवले, देऊन मी टाकले, डाव मी हरले, आणि नाव तिचं. आजही पोटात दुखतं, लपवत नाही. पण आता मी सांगलीला परत आलेय, इथं माझ्या परसात तार आहे, तिच्यावर माझं एकच पातळ असतं, आणि ते मी अजून माझ्याच अर्ध्या भागावर वाळत घालते.