मेणाचं कापड

शिवणकाम करणाऱ्या मावशींना काहीही वाया गेलेलं खपत नसे. लेक गेली, तिचे सुती कपडे वर्षभर कपाटात पडून होते.

"एखादा तरी तसाच ठेव गं," नवरा म्हणाला.

"कशाला? कसर लागायला?" मावशी खेकसल्या.

त्यांनी सगळ्याचे चौकोन कापले, वर मधमाश्यांचं मेण किसून घातलं, कागद ठेवून इस्त्री फिरवली. आता लेकीच्या कपड्यात गुंडाळलेला पाव चार दिवस मऊ राहणार होता.

शेवटचा तुकडा गार झाल्यावर मावशींनी तो नाकाशी धरला. वर्षभर कपाट उघडून त्या रोज हेच करत आल्या होत्या. नुसता मधाचा वास आला. त्यांनी एकेक करून सगळे तुकडे हुंगले, मग नवऱ्यापुढे धरले.

"तुम्ही बघा हो. तुमचं नाक बरं आहे."