राजा मागे किल्ली

खिळेमावशींना उलटं वाचता येतं. सकाळी लेक टेबलावर वर्तमानपत्र पसरून वाचत असते, तेव्हा मावशी समोर बसून तेच पान उलटं, तिच्या आधी वाचून संपवतात. तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेल्या बाईला त्याचं काय मोठंसं? खणातून एकेक अक्षर उचलायचं, पट्टीत उभं करायचं आणि ओळ उलटीच वाचायची. नाव तिथूनच पडलं. आता गल्लीतले त्यांच्याहून मोठे म्हातारेही त्यांना मावशीच म्हणतात, आणि मावशी ते मुकाट्याने ऐकून घेतात.

त्या दिवशी असंच उलटं वाचताना त्यांचा चहा कपातच राहिला. बातमी चार ओळींची होती. इतिहास आणि महाकाव्यं यांची टिंगल करणाऱ्या जुन्या विनोदी गाण्यांचं पुस्तक निघणार होतं. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात पन्नास वर्षं चाललेली एक चूक, कवीच्या हातचं प्रूफ सापडल्यामुळे, आता कायमची दुरुस्त होणार होती.

"मी जरा जाऊन येते," मावशी म्हणाल्या.

"अगं, कुठे? चहा तरी संपव."

"आल्यावर सांगते," म्हणत त्यांनी चपला सरकवल्या आणि जिना उतरल्यासुद्धा. घराची किल्ली खुंटीवरच राहिली.

त्या गाण्याशी मावशींचं जुनं वाकडं होतं. रेडिओवर लागलं की त्या हातातलं काम टाकून बटण बंद करायच्या. लेकीला लहानपणापासून एवढंच ठाऊक होतं की आईला ते गाणं सहन होत नाही, आणि का ते विचारायचं नाही.

झालं होतं असं. कवी हा शाळेत इतिहास शिकवणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. त्याने एका जुन्या राजाच्या वेढ्यावर वीरश्रीयुक्त गाणं लिहिलं. रंगमंचावरच्या एका कार्यक्रमासाठी त्याची पुस्तिका छापायची होती. काम मावशींच्या हातात आलं, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचे दिवस भरत आले होते. पोट खिळ्यांच्या खणांच्या पेटीला, केसला, टेकत होतं, पाय सुजले होते, पण हात झपाझप चालत होते. मूळ ओळी अशा:

बारा वर्षे लढुन थकेना, रोज नवा तो हल्ला
दारापाशी उभा राहुनी राजा मागे किल्ला

कान्याच्या खणात कोणाच्या तरी हातून एक वेलांटी पडलेली होती. मावशींच्या बोटांनी नेमकी तीच उचलली. किल्ल्याची किल्ली झाली. संध्याकाळी त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. प्रूफ कवीकडे गेलं, परत आलं, त्यावरच्या दुरुस्त्या शेजारच्या केसवरच्या माणसाने केल्या. तीन महिन्यांनी मावशी लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडल्या, तर भाजीवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्या गावाच्या तोंडी एकच गाणं.

कार्यक्रमातला गायक मोठा बेरकी होता. पुस्तिकेत 'किल्ली' पाहून त्याने चूक वगैरे काही काढली नाही, उलट तिचं सोनं केलं. 'राजा मागे' म्हणून तो थांबायचा, खिसे चाचपायचा. 'हल्ला'ला जोडीचा 'किल्ला' लोकांच्या ओठावर तयार असायचा, आणि हा अगदी बारीक आवाजात म्हणायचा, 'किल्ली'. बारा वर्षांचा वेढा, मेलेले हत्ती, दमलेलं सैन्य, आणि महाराज दारात उभे राहून किल्ली मागताहेत! लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहायचे. तबकडी निघाली, ती घरोघरी वाजली. मग तसल्या गाण्यांचं पेवच फुटलं. महाकाव्यातला वीर लढाई जिंकून घरी येतो आणि बायको विचारते, एवढी वर्षं होतात कुठे? शोकांतिकेतली नायिका विष घ्यायचं विसरते आणि पडदा पडायचा खोळंबतो. पण 'किल्ली'ची सर कशालाच आली नाही.

सगळं गाव हसत होतं आणि मावशी तोंड लपवत होत्या. एका भल्या माणसाच्या वीरगाण्याचं आपण हसं केलं, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. कवीने प्रूफ घाईत पाहिलं असणार, चूक त्याच्या नजरेतून सुटली असणार, आणि त्या बिचाऱ्याला जन्मभर विनोदी कवी म्हणून मिरवावं लागलं. एकदा तो रस्त्यात समोरून येताना दिसला. बहुतेक ओळखीचं हसलाही. मावशी चटकन रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. त्याला जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.

म्हणून आज त्या जवळजवळ पळत होत्या. किल्ला परत येणार होता. आपल्या हातची चूक पुसली जाताना त्यांना डोळ्यांनी पाहायची होती, आणि जमलंच तर कबूलही करायची होती.

प्रकाशकाच्या कचेरीत संपादक होती तिशीतली मुलगी. तिचे हात इतके स्वच्छ, की ती छपाईच्या धंद्यातली मावशींना वाटेचना. मावशी ते गाणं छापलेल्या छापखान्यातल्या जुळारी म्हटल्यावर तिने स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"आजी, बरं झालं आलात. दुपारी हे पान छपाईला जातंय. हे बघा." तिने टेबलावर पिवळा पडलेला कागद ठेवला. "कवींनी 'किल्ली'ची वेलांटी स्वतः खोडलीय. समासात काना लिहिलाय, आणि त्याला आडवी रेघ देऊन अधिकची खूण केलीय. म्हणजे काना घाला. शिवाय यमकही जुळतं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

कागद तिच्या बाजूने सुलट होता. मावशींनी तो समोरून, उलटाच वाचला. खोडलेली वेलांटी. समासातला काना. म्हणजे त्याने पाहिलं होतं. त्याच्या नजरेतून काहीच सुटलं नव्हतं.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"वेलांटीखाली ही टिंबं कसली?"

"शाई सांडली असेल."

खोलीत ती खूण ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. मावशी आता गप्प राहिल्या असत्या, तर दुपारी किल्ला छापला गेला असता आणि त्यांची चूक जगातून नाहीशी झाली असती. त्यासाठीच तर त्या धावत आल्या होत्या. त्यांनी कागद उचलला आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. टिंबं बोटाला लागत होती. इतकी दाबून दिलेली टिंबं सांडत नसतात.

"पोरी, ही शाई नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नको तेवढा चढला. "खोडलेल्या अक्षराखाली टिंबं दिली, की त्याचा अर्थ 'राहू द्या'. खोडलं होतं, पण आता राहू द्या. आणि ही अधिकची खूण नव्हे. त्याने काना लिहिला आणि मग त्याच्यावर आडवी रेघ मारली. काना रद्द. त्याला किल्लीच पाहिजे होती."

संपादक मुलीने कागद जवळ ओढला. मग तिने असा झपकन फोन उचलला की पेनांचा डबा कलंडला. "ते पान थांबवा. हो, आत्ता. किल्लीच ठेवायची." फोन ठेवून ती मावशींकडे वळली. "पण आजी, त्यांनी किल्ला लिहिला असेल, तर मुळात किल्ली आली कुठून?"

"माझ्या हातून," मावशी म्हणाल्या.

पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि पुढचं सगळं भडाभडा आलं. सुजलेले पाय, खणातली वेलांटी, ओलांडलेला रस्ता. "तो हसला होता माझ्याकडे बघून, आणि मी मेली पळाले," असं म्हणून त्या रडल्या आणि रडता रडता हसू लागल्या. मुलगी सगळं लिहून घेत होती. पुस्तकात तुमचं नाव घालते, म्हणाली. मावशींनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त कानामात्रा नीट तपासून घे, एवढंच सांगितलं.

परत येताना त्या भर रस्त्यात गुणगुणत होत्या. दारात पोचल्यावर त्यांनी पिशवी चाचपली, मग पिशवीच उलटी केली. किल्ली नव्हती. त्यांनी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून लेकीने विचारलं.

मावशींना हसू आवरेना. त्यांनी घसा खाकरला आणि जिन्यात घुमेल अशा आवाजात सुरू केलं, "दारापाशी उभा राहुनी, राजा मागे..." आणि त्या थांबल्या.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली.

"किल्ली," दारामागून बारीक आवाज आला, आणि मग दार उघडलं.