अथीनेची आरोळी

रियाधच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी इतिहास शिकवायचो, मी आणि ट्युनिशियाची एक बाई. दोघींचं एक मिनिट पटत नसे. सौदीकरण आलं, परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, आणि मुख्याध्यापिकेनं सांगितलं, इतिहासाला एकच परदेशी बाई राहील. दोघींनी तिच्यापुढे एकेक पाठ घ्यायचा. माझ्या नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली. माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आम्ही दोघं तिथं टिकून होतो. माझीही नोकरी गेली की खलास, सामान बांधा.

तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान! पाठासाठी अथीना निवडली. ग्रीकांची विद्येची देवी, म्हणजे साधारण मीच.

"अस्सल ग्रीक देवी," मी स्टाफरूममध्ये ऐकवलं.

ट्युनिशियावाली खजुराची बी थुंकून हसली. "अस्सल? तिच्या छातीवरचं झालरीचं कातडं आमच्या बायकांचं, बकरीचं, लाल रंगवलेलं. देवळात बायका जीभ नाचवून आरोळी देत, तीही आमचीच. हे ग्रीकांच्याच एका जुन्या प्रवाशानं लिहून ठेवलंय, बाई! ती जन्मली म्हणतात ते तळं माझ्या आजोळापाशी आहे. आता नुसतं मीठ उरलंय."

"मग खाल्ल्या मिठाला जागली नाही तुमची देवी."

"चोरांच्या घरी पडली, काय करणार!"

घरी जाऊन मी ते सगळं ताडून पाहिलं. खरं निघालं, म्हणून जास्तच राग आला. मग बकरी, तळं, आरोळी, सगळं उचलून माझ्या पाठात घातलं. माझा पाठ पहिला होता ना! ट्युनिशियावाली मागच्या बाकावर बसलेली, शेजारी कामकाज बघायला आलेली एक कोवळी सौदी पदवीधर.

"मुलींनो, प्राचीन काळी उत्तर आफ्रिकेतल्या बायका एक चमत्कारिक आरोळी ठोकत. आता तशी ऐकायला मिळणार नाही, म्हणून मीच काढून दाखवते."

शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखा आवाज निघाला.

एक मुलगी अदबीनं म्हणाली, "उस्ताझा, आमच्या लग्नात देतात तीच ना?"

आणि अख्खा वर्ग सुरू झाला. लूलूलूलू! त्यांच्या लग्नांत मी ताटंच्या ताटं कब्सा हाणला होता, कानांनी तेच ऐकलं होतं, आणि शहाणी त्यांनाच प्राचीन काळ शिकवत होते. मागून सगळ्यांत उंच आवाज ट्युनिशियावालीचा.

"माझा पाठ चोरलाय हिनं!" ती ओरडली.

"चोर तर ग्रीक!" मी ओरडले.

"देवी काय, किंचाळणं काय, माझ्या शाळेत!" मुख्याध्यापिका कानांवर हात ठेवून म्हणाली. जागा त्या कोवळ्या पोरीला मिळाली. ती बिचारी तासभर तोंड मिटून बसली होती, हीच तिची पात्रता.

शेवटच्या दिवशी फाटकाशी ट्युनिशियावालीनं मला जवळ ओढलं. वाटलं, गळ्यात पडून रडेल. तिनं माझ्या उजव्या कानाला तोंड लावून सगळा दम खर्चून आरोळी दिली.

"नीट शिकून घे," म्हणाली. "यल्ला, चालती हो."

तो कान आता काम देत नाही. डॉक्टर म्हणतात, आजी, वय झालं. वय दोन्ही कानांचं सारखंच झालंय की.