जीपमध्ये पहिलं बसणारे चाचा

सेनगावच्या स्टँडवर उन्हाळ्यात जीप भरणं म्हणजे डोक्याला ताप. सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही आणि तापलेल्या जीपमध्ये आधी कुणी बसत नाही. सगळे चहाच्या टपरीच्या सावलीत, दुसरा कुणी बसायची वाट पाहत.

गाद्या भरणारे एक चाचा मात्र आले की थेट जीपकडं जायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नळाखाली पोतं भिजवायचं, पिळायचं, सीटवर अंथरायचं आणि दाढीत अडकलेला कापूस वेचत निवांत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता.

त्या दुपारी टपरीवर उन्हाचाच विषय निघाला.

"असं ऊन पहिले नव्हतं," एकजण म्हणाला. "झाडं न्हाई ठेवली, धूर वाढला. सारं जगच तापून राहिलं."

"व्हय, पण आपल्या एकट्यानं काय होतंय?" दुसरा म्हणाला. "आधी मोठ्या देशांनी करावं."

मीही मान डोलावली. मग उगीच गंमत म्हणून जीपमध्ये बसलेल्या चाचांना हाक मारली, "चाचा, तुमीच पहिले काहून बसता? भाजून निघाल ना!"

चाचा बोटावरचा कापूस झटकत म्हणाले, "तकलीफ तर होते, बाबा. पर सगळेच मागून बसतो म्हनले, तर गाडी निघंल कवा?"

टपरीवर हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. उठलो आणि जीपमध्ये चढलो. सीटचा चटकाच बसला. चाचांनी ओलं पोतं अर्धं माझ्याकडं सरकवलं.

आधी कुणी करावं, यावर टपरीवर अजून चर्चा चालू होती.