किसणी करकंबला जाणार नाही

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तो ऐन बटाट्याच्या किसाच्या दिवसांत. आमच्या भवानी पेठेतल्या गच्चीवर दर उन्हाळ्यात ती कीस घालते. बटाटे आदल्या संध्याकाळी अर्धेकच्चे उकडायचे, सकाळी सोलून थेट प्लॅस्टिकच्या कागदावर किसायचे, पुढचं सोलापूरचं ऊन बघून घेतं. माझ्याकडे बटाटे आणायचं काम, आणि वाळत घातलेला कीस येताजाता तोंडात टाकायचं. यात मी कधी कसूर केलेली नाही.

तिला बघायला करकंबहून तिची थोरली बहीण आली. आक्कांनी आधी प्लास्टर बघितलं, मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किसणी.

"आईची किसणी मी न्हेते आता," त्या बहिणीला म्हणाल्या. "तुजा हात असा. हितं कोन वापरनार हाय?"

किसणी माझ्या सासूबाईंची. पितळी, सपाट, दीड वीत लांब, भोकांच्या कडा खालून ठोकून वर काढलेल्या. ती लग्नात धाकटीकडे आली, हे आक्का अजून विसरलेल्या नाहीत. बायको नुसती खिळ्याकडे बघत राहिली. आणि कुणी गप्प बसलं की आपण बोलायचं, ही मला जुनी खोड.

"मी वापरणार," मी म्हणालो. "यंदाचा कीस मी घालणार."

आक्का हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाव्हणं, तुमी चा करताना पातेलं जाळता."

"ते दूध होतं."

"मग तर लईच अवघड हाय की. रविवारपतोर बघते. न्हाय जमलं तर किसणी माज्या पिशवीत."

शहाण्या माणसानं बायकोला दोन गोष्टी विचारल्या असत्या. मी नवी पेठेत गेलो. सासूबाईंची किसणी इतकी जुनी, ती बोथटच असणार, हे मी तिला हात न लावताच ठरवून टाकलं होतं. दुकानदारानं स्टीलची, डब्यासारखी उभी किसणी पुढं केली. चार बाजूंना चार तऱ्हेची भोकं, वर धरायला दांडी. "साहेब, एकात चार," तो म्हणाला. मला साहेब म्हटलं की मी काहीही घेतो.

संध्याकाळी बटाटे कुकरला लावून मी क्रिकेट बघत बसलो आणि शिट्ट्यांचं भान सुटलं. बटाटे मऊसूत. सकाळी गच्चीवर ऊन लागतं म्हणून मी पंख्याखाली, बैठक मारून किसायला घेतलं. कीस त्या डब्यात आत आत दाबला जात होता आणि मला वाटत होतं, काय भराभर काम चाललंय. किसणी उचलली तर खाली काहीच नाही. आपटली, तेव्हा आतून चौकोनी ठोकळा निघाला. असे सगळे ठोकळे मी परातीतून गच्चीवर नेले आणि ओळीनं मांडले.

संध्याकाळी आक्का वर आल्या. त्यांनी एकात बोट खुपसलं. वरून दगड, आत लगदा.

"पाव्हणं, बांधकाम कुटवर आलंय?"

खालून बायको खदखदून हसली. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. मी मात्र ते ठोकळे टाकू दिले नाहीत. तुकडे करून तळले आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ले. चांगले लागले. माझं अजूनही तेच म्हणणं आहे.

शनिवारी खिळ्यावरची किसणी काढली. बोथटपणा तपासायला तिच्यावरून अंगठा फिरवला. बोथट नव्हती.

"झालं," बायको माझ्या अंगठ्याला पट्टी बांधताना, डाव्या हातानं, म्हणजे निम्मी दातानं, गाठ मारत म्हणाली. "आता आपण दोघंही तसेच. बटाटे मी सांगते तेव्हा उतरवा. टीव्ही बंद."

रविवारी ऊन चढायच्या आत गच्चीवर खुर्ची टाकून ती बसली. आक्का कठड्याला टेकून, पिशवी जवळच.

"किसणी उतरती धरा. बटाटा वरून खाली ढकला, मागं ओढू नका. आणि हात हलता ठेवा, एका जागी ढीग पडला की परत बांधकाम," बायको म्हणाली.

मी वाकून कागदभर सरकत किसत गेलो. निम्मे बटाटे झाले तेव्हा कंबर माझी राहिली नाही. मी थांबलो, आणि आक्का पुढं आल्या.

"आना हिकडं. मी दावते कसं किसायचं ते."

त्यांनी किसणीचं एक टोक धरलंही. दुसरं माझ्या हातात. बायको खुर्चीत पुढं सरकली.

"सोडा, आक्का," मी म्हणालो. "हा कीस माझा आहे."

"वाकडा पडतोय."

"वाकडा पडू दे."

त्यांनी टोक सोडलं. उरलेले बटाटे मी गुडघ्यांवर रांगत किसले. काही कीस लांब, काही कापलेल्या नखांसारखा. पण सुटा. संध्याकाळी त्यात हात घातला तर खुळखुळ वाजला. किसणी मी सकाळीच, पिठूळ थर सुकायच्या आत धुतली होती, उलट्या बाजूनं ब्रशनं भोकं मोकळी करून चिंचेनं घासली होती. चिंच अंगठ्यात गेल्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आक्कांनी तळलेला कीस खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाल्या आणि परत ताटलीत हात घातला.

सोमवारी त्यांच्या पिशवीत मी किसाचा डबा ठेवला, आणि त्याखाली नवी पेठेतली उभी किसणी.

"ही कशाला?"

"एकात चार आहेत, आक्का. तुम्हाला तिकडं उपयोगी पडेल."

जाताना त्यांनी खिळ्याकडे एकदा बघितलं. "तिचा हात बरा झाला की तिच्याकडंच द्या ती."

"बघू," मी म्हणालो.

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. परवा कोशिंबिरीसाठी बायकोनं किसणीकडं हात नेला. मी आधी काढून घेतली. ती म्हणाली, गाजर तेवढं किसा, अंगठा नको. मी तिच्याकडं बघत किसणी उतरती धरली आणि गाजर वरून खाली ढकललं.