मार्चऐवजी दिवाळी

श्रीकांत पोंक्षे सुरतेच्या एका बँकेत हेडक्लार्क होते. माणूस इतका सरळ की बायकोच्या, उज्ज्वलाबाईंच्या, डोक्याला ताप. बँकेची टाचणी चुकून खिशातून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी ती परत जायची. अशा माणसावर उत्पन्न लपवल्याचा ठपका यावा, याला काय म्हणायचं?

पोंक्ष्यांचा चित्रकलेत हात होता. अडुसष्टच्या दिवाळीनंतर उधन्याच्या एका साड्या छापणाऱ्या गिरणीतला डिझाइनवाला आजारी पडला, आणि तिथला मुनीम भाईदास त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. पोंक्ष्यांनी आधी बँकेच्या एजंटसाहेबांची, म्हणजे शाखेच्या मॅनेजरची, लेखी परवानगी घेतली, मगच ब्रश उचलला. होळीपर्यंत रोज संध्याकाळी काठ, पदर, बुट्टे. मुलगी वंदना शेजारी रंग कालवायला बसायची. बघता बघता तिचे बुट्टे बापापेक्षा सरस उतरायला लागले, आणि बापाला त्याचा केवढा आनंद! कामाचे अडीच हजार मार्च संपायच्या आत मिळाले, ते त्यांनी वेगळ्या खात्यात टाकले. मॅट्रिक झाली की वंदनाला बडोद्याला चित्रकला शिकायला पाठवायचं, असं घरात ठरूनच गेलं.

उन्हाळ्यात आयकराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. पगार मार्चपर्यंतचा, त्यात प्रश्न नव्हता. पण डिझाइनच्या पैशांचं काय? भाईदास म्हणाला, "पोंक्षेभाई, आपडो हिसाब तो दिवाळीए बंध थाय."

पोंक्ष्यांना ते पटलं. सुरतेतले व्यापारी लक्ष्मीपूजनाला हिशेबाचा नवा चोपडा उघडतात, त्यांचं वर्षच तेव्हा बदलतं. त्यांच्यात उठून बसून पोंक्ष्यांच्याही हे अंगवळणी पडलं होतं. धंद्याचं उत्पन्न धंद्याच्या वर्षात, असं म्हणून त्यांनी ते पैसे पुढच्या सालच्या विवरणपत्रात दाखवले. पै न् पै दाखवली, कोणी विचारलेलं नसताना.

नोटीस आली तेव्हाही ते निर्धास्त होते. आयकर कचेरीतला साहेब बडोद्याचा मराठी निघाला, म्हणून तर जास्तच.

"तुमचे स्वतःचे चोपडे आहेत?" साहेबाने विचारलं.

"माझे कुठले? गिरणीचे आहेत."

"मग दिवाळीचं वर्ष गिरणीचं. तुमचं मार्चचंच. पैसे हातात आले त्या वर्षात तुम्ही ते दाखवलेच नाहीत."

"पण पुढच्या साली मीच दाखवलेत ना?"

"दिसतंय मला. तरी आधीच्या साली लपवले असंच लिहावं लागेल. आणि आता कायदा असा झालाय की लपवलेल्या रकमेइतका तरी दंड. त्याच्या खाली मला येता येत नाही, काका."

त्या 'काका'ने पोंक्ष्यांना आशा लागली. त्यांनी अपील केलं. वकिलाने फी घेतली, निकाल तोच लागला. वेगळं ठेवलेलं खातं दंडापायी रिकामं झालं, वर वकिलासाठी उज्ज्वलाबाईंच्या पाटल्या गेल्या. बँकेत कोणी तोंडावर बोललं नाही, पण पोंक्षे आले की गप्पा थांबायच्या. पैसे गेल्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. आपण चोर नाही हे सांगायला ते ज्याच्या त्याच्यापुढे कॅलेंडर घेऊन बसत, आणि ऐकणारा मान हलवून घड्याळाकडे बघे.

वंदना मॅट्रिक झाली. बडोद्याच्या प्रवेशाची तारीख आली आणि गेली. पुढच्या सोमवारी तिने टायपिंगच्या क्लासात नाव घातलं.

"बाबा, मला चित्रांची तशी आवड नव्हतीच," ती जेवताना म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून बसायचे मी."

उज्ज्वलाबाईंनी मुलीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. पोंक्षे मात्र बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "असं होय? आधी सांगायचंस की." आणि त्यांनी ते खरं मानलं.