सूर्याच्या जागेवरचं एकेचाळिसावं भिंग

माझे धाकटे दीर नरसिंह बिदरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे मदतनीस आहेत. मुलांना लोलक, भिंगं काढून द्यायची, तास संपला की पुसून कपाटात ठेवायची, हे त्यांचं काम. वय एकूणचाळीस. लग्न केलं नाही. शनिवारी बसनं औरादला आमच्याकडं येतात, सोमवारी पहाटे जातात. या माणसानं बंगळुरात तीन वर्षं लेसरच्या किरणासाठी भिंग घडवलं, आणि ते त्यांना साधलंही होतं, असं त्यांच्याकडं बघून कुणाला वाटणार नाही. ते भिंग मी माझ्या हातानं घासून टाकलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी अकरा वर्षांचे होते. मामंजींचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन अंगणात उन्हाला बसायचे. पुढं बिदरला शिकायला गेले, तिथं भीमण्णा चष्मेवाल्याच्या दुकानात काच घासायला शिकले. गुलबर्ग्याहून एम.एस्सी. झाले आणि ब्याऐंशी साली बंगळूरच्या एका कंपनीत लागले. काम काय, ते आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत सासूबाईंनीच विचारलं.

"नरसू, तू तिथं करायलास तरी काय?"

भावजींनी फराळाची स्टीलची ताटली उचलली. "आई, समज ही तबकडी. हिच्यावर बारीक बारीक खळगे. लाखांनी. त्यात गाणं लिहिलेलं आहे, हिशेब लिहिता येतो, आख्खी पोथी लिहिता येते. सुई लावायची न्हाई. उजेडानं वाचायचं."

"ताटलीवर पोथी!" सासूबाई हसल्या. "अन्नपूर्णे, ताटली नीट धू गं बाई, अध्याय निघून जाईल."

आमचे हे शाळेत शिकवतात, त्यांना थोडं समजत होतं. त्यांनी विचारलं, "मग अडलंय कुठं?"

"भिंगावर, अण्णा. लेसरचा उजेड एका ठिपक्यात आणायचा, केसाच्या जाडीत पन्नास ठिपके मावावेत इतका बारीक. त्याला लोक चार भिंगं एकावर एक बसवतात. पण तबकडी फिरताना जराशी वर-खाली हलतीय. भिंगाला तिच्या मागं धावावं लागतंय. चार भिंगांचं ओझं असल्यावर कसं धावंल? मी एकच भिंग करायलोय. हरभऱ्याच्या डाळीएवढं. फुगवटा गोल न्हाई, कडेला जरा उतरता."

"जमतंय का?"

"छत्तीस झाली. जमली न्हाईत."

मला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की भिंग हलकं पाहिजे आणि ठिपका बारीक पाहिजे.

आता आमच्या देवांचं सांगते. आमच्याकडं पंचायतन आहे. शाळिग्राम, बाण, देवी, गणपती, आणि पाचवा सूर्य. सूर्याचा स्फटिक असतो. तो रझाकारांच्या वेळी रातोरात उदगीरला जाताना सासूबाईंच्या ओटीतून पडला. पुढं दोन-चार वर्षांतच मामंजी अंधू झाले, तो दोषही सासूबाईंनी स्वतःकडंच घेतला. सूर्याच्या जागी सुपारी मांडायच्या. ह्यांनी दोनदा म्हटलं, हैदराबादहून स्फटिक आणतो. "विकतचा नको," त्या म्हणायच्या. "माझ्या हातून गेलाय, येईल तर आपणहून येईल."

आणखी एक रीत. घरात नवीन काही आलं की आधी एक रात्र देवापुढं ठेवायचं. साडी असो, पुस्तक असो, ह्यांचा नेमणुकीचा कागद असो. भावजी या रीतीला हसायचे. देवाला वास घ्यायला ठेवता का, म्हणायचे.

पंच्याऐंशीच्या रथसप्तमीच्या आदल्या दिवशी भावजी दोन दिवसांसाठी आले. आठ दिवसांनी बंगळुरात साहेब लोकांपुढं त्यांच्या भिंगाची परीक्षा होती. आम्हाला एवढंच म्हणाले, "एक उतरलंय. एकेचाळिसावं." चेहरा असा होता की मी ते येताच मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

सप्तमीला मी पहाटे उठले. डोक्यावर रुईची पानं ठेवून न्हायले, तुळशीपुढं गोवऱ्यांवर दूध उतू घातलं. मग देव घासायला काढले. ताम्हण ओढलं आणि बघते तर सुपारीशेजारी कापसाच्या बोळ्यावर एक मणी. पाण्यासारखा स्वच्छ. पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आलं होतं, ते त्या मण्यातून जाऊन खाली शाळिग्रामावर पडलं होतं. राईच्या दाण्याहूनही लहान ठिपका, आणि असा तेज की डोळा ठरेना.

मी हाक मारली, "आई! अहो आई, इकडं या!"

सासूबाई भिंत धरत आल्या. बघितलं आणि खालीच बसल्या. पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "आला गं. सप्तमीलाच आला. सदतीस वर्षांनी आला."

कापूस आला कुठून, हे मी मनात आणलं नाही. वातीचा असेल म्हणून त्याची वात वळली. देवांबरोबर त्या मण्यालाही चिंच लावली, रांगोळीनं चोळला, पंचामृत घातलं, धडप्यानं पुसला. सणाचा दिवस, हात राखून कसं करायचं?

भावजी आंघोळ करून देवघराच्या दारात आले. हातात डबी होती, उघडीच. सासूबाई म्हणाल्या, "नरसू, बघ. तू देव न्हाई म्हणतोस. बघ कोण आलंय."

ते दारातच थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "चिंच लावली का त्याला?"

"व्हय. आणि रांगोळी. लख्ख निघालाय की न्हाई?"

"जरा द्या बघू."

मी तळहातावर दिला. त्यांनी तो झरोक्याशी धरला, ठिपका भिंतीवर पाडला. भिंग पुढं घेतलं, मागं घेतलं. मग परत माझ्या हातात ठेवलं. डबीचं झाकण लावलं. झाकण लागताना आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

"लख्ख आहे," म्हणाले. आईच्या पाया पडले.

दुपारच्या खिरीला बसले नाहीत. संध्याकाळच्याच बसनं गेले. काम आहे म्हणाले.

मधले आठ दिवस त्यांनी काय केलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. नवीन भिंग उतरायला तीन-तीन आठवडे लागायचे. त्यांनी अडतिसावं नेऊन लावलं. तबकडी फिरली, ठिपका फाकला, काही वाचता आलं नाही. साहेबांनी चार भिंगांचं परदेशी यंत्र मागवायचं ठरवलं आणि हे काम बंद केलं. आषाढात भावजी ट्रंक घेऊन घरी आले. ह्यांनी विचारलं, "सोडलंस कामून?" म्हणाले, "जमलं न्हाई, अण्णा." त्या एवढ्याशा उत्तरावर ह्यांनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. इतकं शिकवलं, आणि धीर नाही म्हणून परत आला, असं चारचौघांत बोलले. मीही बोलले. भावजी ऐकून घ्यायचे.

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. शेवटच्या दुखण्यात रोज सकाळी सूर्य हातात मागायच्या. भावजी बिदरहून आलेले असले की तेच आणून द्यायचे आणि मूठ मिटेपर्यंत खाली हात धरून बसायचे.

मला खरं कळलं ते गेल्या दिवाळीत. बिदरला कुणाच्या तरी मुलानं दुबईहून तबकडीवर गाणी वाजवायचं यंत्र आणलं होतं. ते बिघडलं म्हणून भावजींकडं आलं. त्या शनिवारी ते घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी चहा नेला.

"वहिनी, उघडून बघितलं. आत एकच भिंग हाय. कडेला उतरतं."

"तुमच्यासारखं?"

"माझ्यासारखं." बोलताना ते देवघराकडं बघत होते. मीही तिकडं बघितलं. आणि तो कापसाचा बोळा माझ्या डोळ्यांपुढं आला.

मी विचारलं, "भावजी, ते तुम्ही ठेवलं होतं?"

"रात्रभरासाठी. घरात नवीन काय आलं की ठेवायचं असतंय ना. तुम्ही चिडवाल म्हणून गुपचूप ठेवलं."

"मग त्याच दिवशी बोलला का न्हाई? एका शब्दानं?"

"बोलून चरे गेले असते का? आईचा सूर्य मात्र गेला असता."

"आणि अण्णांचं बोलणं? माझं?"

त्यांनी चहा संपवला, कप माझ्याकडं दिला. म्हणाले, "साखर कमी करायलात का आताशा?"

मी भिंग डबीत घालून त्यांना द्यायला गेले. घेतलं नाही. माझे हात धरून म्हणाले, "राहू द्या जागेवर. बंगळुरात त्याला कुठं जागा हाय आता?"

तेव्हापासून मी त्याला चिंच लावत नाही. नुसतं पाणी घालते, मऊ मलमलीनं टिपते. उशीर झाला ते मलाही कळतं. सकाळचं ऊन अजून त्यातून शाळिग्रामावर पडतं, पण तो ठिपका आता हरभऱ्याएवढा पसरतो, कडा धुरकट.

परवा माझ्या रोजनिशीच्या जुन्या वह्या काढल्या. पंच्याऐंशीच्या रथसप्तमीचं पान सापडलं. माझंच अक्षर. तिथी, नक्षत्र, दूध पूर्वेला उतू गेलं, सूर्यनारायण आपणहून घरी आले. आणि खाली, शेवटच्या ओळीत: भावजींनी खीर खाल्ली नाही. पोट बिघडलं असावं. ओवा दिला.